२३ वर्षांची ड्रिल मशीन गेली, आणि ती का गेली

परवा संध्याकाळी ड्रिल मशीन गेली. म्हणजे चालू कामात, हातातच गेली. शेल्फसाठी लोखंडी अँगलला भोकं पाडत होतो, ५ एमएम जाडीचा अँगल, १० एमएमचा बिट, आधी ४ एमएमनं पायलट, म्हणजे वाट दाखवणारं बारीक भोक, मारून घेतलेलं, म्हणजे काम काही फार जड नव्हतं, असली भोकं तिनं किती पाडली असतील त्याचा हिशोबच नाही. सहावं भोक अर्ध्यात असताना आवाज एकदम खाली बसला, मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसला आणि मी ट्रिगर सोडेपर्यंत धूर आला. थोडासाच. पण तो वास! ज्यांनी एकदा जळलेल्या वायंडिंगचा, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेढ्यांचा, वास घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, प्लॅस्टिक जळाल्याचा नाही, लाकूड जळाल्याचाही नाही, जरा गोडसर आणि घशात जाऊन बसणारा, आणि तो एकदा आला की पुढचं सगळं कळून चुकतं.

प्लग काढला, मशीन टेबलावर ठेवली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. बिट अजून अँगलमध्येच रुतलेला होता, तो सोडवायचंही सुचलं नाही.

१३ एमएमची, म्हणजे तेवढ्या जाडीपर्यंतचा बिट धरणारी, साधी वायरवाली मशीन. ६०० वॅट, ट्रिगरवर स्पीड कमीजास्त होणारा, उलट-सुलट फिरणारी, वर हॅमरचं बटण. २३ वर्षांत तिची वायर दोनदा बदलली, ट्रिगरचा स्विच एकदा बदलला, चकची (बिट पकडणाऱ्या पुढच्या जबड्याची) चावी मात्र पहिलीच आहे, ती दोरीनं वायरला बांधून ठेवली होती म्हणून टिकली. मुठीच्या जागी बॉडीवरचा खरखरीतपणा पूर्ण गेलेला, माझा तळवा जिथे बसतो तिथे ती गुळगुळीत आणि काळपट झालीय, दुसऱ्या कुणी धरली तर ती चमकणारी जागा त्याच्या हाताबाहेर राहते. भिंती, दारं, खिडक्यांच्या चौकटी, लोखंड, अॅल्युमिनियम, एकदा तर दगडाची फरशी पण. वायर ब्रश लावून गंज काढला, पॉलिशचा बफ लावला, दांडा लावून रंग घोटला. त्या रंगावर पुढे येतोच, कारण तिथे माझी चूक आहे.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू का, तिचा आवाज. नवीन मशीन आणता येते हो, पण २३ वर्षं एकाच मशीनवर काम केलं की आपण डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करायला लागतो हे मला ती बंद पडल्यावर कळलं. लाकडातून बिट पलीकडे निघायच्या जरा आधी तिचा सूर किंचित हलका व्हायचा, तेवढ्यात जोर काढून घेतला की मागच्या बाजूला लाकूड फाटत नाही. लोखंडात उलटं, बिट पलीकडे पोचताना तो धातूला पकडतो आणि आवाज क्षणभर घुसमटतो, तेव्हा मनगट घट्ट नसेल तर मशीनच फिरते. १० एमएमच्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला साधारण ८०० फेरे बरे, हे गणित पुस्तकात मिळतं, पण ८०० फेरे म्हणजे माझ्या मशीनचा कुठला सूर ते फक्त माझ्या बोटाला आणि कानाला माहीत होतं. ट्रिगर अर्ध्याच्या जरा अलीकडे. लांब गोल चुरा निघायला लागला की बरोबर, पूड पडायला लागली की बिट बोथट झाला किंवा आपण जास्त पळवतोय.

आणि एवढा कान तयार असूनही गेलं दीड वर्ष ती जे सांगत होती ते मी ऐकलं नाही. ऐकलं, पण सवयीनं सोडून दिलं, हे जास्त खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. आधी फोटो काढले (हे कायम करा, आतली वायर कुठून कशी फिरवलीय हे बंद करताना आठवत नाही आणि एखादी वायर दोन अर्ध्या भागांच्या मध्ये चेपली गेली की नवीनच दुखणं). स्क्रू काढून वरचा अर्धा भाग उचलला, कार्बनच्या स्प्रिंगा जपून बाजूला केल्या आणि आर्मेचर बाहेर काढलं.

ज्यांनी कधी आत बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या मशीनमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. बाहेर न फिरणारी फिल्ड कॉइल, आत फिरणारं आर्मेचर, आणि दोघांतून करंट एकामागोमाग एकच जातो, म्हणून ती एसी आणि डीसी दोन्हीवर चालते. फिरणाऱ्या आर्मेचरला करंट पोचवायला त्याच्या शाफ्टवर तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कम्युटेटर, आणि त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगनं दाबलेले कार्बन घासत राहतात. आतलं आर्मेचर मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांपर्यंत पळतं आणि पुढचा गिअर ते कमी करून चकपर्यंत आणतो, चकवर रिकामे फेरे साधारण २८०० ते ३०००. म्हणजे बिट एकदा फिरतो तेव्हा आत आर्मेचर सात-आठदा फिरलेलं असतं. एवढ्या वेगात कार्बन तांब्यावर घासत असतात, आणि कार्बन मुद्दामच मऊ ठेवलेले असतात, झिजायचं त्यांनी, तांब्यानं नाही. तांबं बदलता येत नाही ना.

आता माझ्या मशीनचं तांबं. चांगल्या कम्युटेटरवर एकसारखा चॉकलेटी रंग चढलेला असतो, कार्बन आणि तांब्याच्या ऑक्साईडचा पातळ थर, तो पुसून चकचकीत करायचा नसतो, उलट तो असला की घर्षण कमी होतं आणि ठिणग्या कमी. माझा कम्युटेटर काळा पडलेला. दोन पट्ट्यांच्या कडा जळून खड्डा झालेला. कार्बन जिथे घासतात तिथे खोल चर, नखानं सहज लागेल इतका. एक कार्बन ठीक होता, दुसऱ्याचा कोपरा तुटलेला आणि तो तिरका झिजलेला, आणि हे दोन्ही कार्बन मी जेमतेम चार-पाच महिन्यांपूर्वी घातले होते.

मग मागचं बेअरिंग हातात धरून हलवलं.

खडखड. बाहेरची रिंग आतल्या रिंगवर अशी हलत होती की बघवेना. ग्रीस वाळून, कार्बनची काळी धूळ आत जाऊन, गोळ्यांच्या जागा खाल्ल्या गेलेल्या. तिथं सगळी गोष्ट उलगडली. मागचं बेअरिंग ढिलं झालं म्हणून शाफ्टचं ते टोक फिरताना थरथरायला लागलं, टोक थरथरतं म्हणून कम्युटेटर गोल फिरेना, कार्बन त्यावर नीट टेकायच्या ऐवजी उड्या मारायला लागले, प्रत्येक उडीला ठिणगी, ठिणगीनं तांबं जळतंय आणि कार्बन फुटतोय, त्यानं पट्ट्या खडबडीत, त्यानं आणखी उड्या, आणि उष्णता वाढत वाढत शेवटी वायंडिंगच्या तारेवरचं वार्निश, म्हणजे तिचं इन्सुलेशन, जळालं. बेअरिंग कुठलं होतं माहितीये? ६०८. आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ एमएम. स्केटच्या चाकात घालतात तेच माप. जगात सगळ्यात सहज मिळणाऱ्या बेअरिंगपैकी एक. माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हाही दोन पडलेली होती.

आणि कार्बन! पहिली जोडी ९ वर्षं चालली. दुसरी ७ वर्षं. तिसरी साडेपाच. आणि त्यानंतरच्या दीड वर्षात मी तीन जोड्या घातल्या. तीन! दर वेळी मशीन अडखळायची, मी कार्बन बदलायचो, ती पुन्हा पळायची आणि मी खूश. कार्बन एवढ्या लवकर का संपतायत हे एकदाही स्वतःला विचारलं नाही. मनात काय तर, म्हातारी झालीय, जास्त कार्बन खाते. पण मशीन वयानं कार्बन खात नाही. कार्बन लवकर झिजतोय म्हणजे एकतर कम्युटेटर खडबडीत झालाय, किंवा तो गोल फिरत नाही, किंवा स्प्रिंग बिघडलीय, किंवा मशीनवर झेपत नाही इतका भार पडतोय, काहीतरी कारण असतंच असतं. तिचा आवाजही बदलला होता, ट्रिगर सोडल्यावर पूर्वी ती सुंईऽऽ करत थांबायची, अलीकडे शेवटी बारीक गुरगुर यायची. ती गुरगुर म्हणजेच ते बेअरिंग. मी रोज ऐकत होतो.

असो. मल्टीमीटर काढला. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स बघत गोल फिरायचं, सगळीकडे जवळजवळ सारखा यायला पाहिजे. एका ठिकाणी तो बराच जास्त आला, म्हणजे वायरचं टोक पट्टीवरून सुटलेलं, आणि त्याच्या पुढे दोन ठिकाणी कमी. कमी म्हणजे शॉर्ट असावा, पण इतक्या कमी ओहममध्ये साध्या मीटरवर खात्री देता येत नाही. म्हणून आर्मेचर घेऊन मित्राकडे गेलो, तो मोटार रिवायंडिंगचं काम करतो.

त्याच्याकडे ग्रोलर आहे. ही मला फार आवडणारी वस्तू आहे, इतकी साधी की बघत राहावं. वर व्हीसारखी खाच असलेला लोखंडी कोअर, त्याला एसीची कॉइल. खाचेत आर्मेचर ठेवायचं, वरून हॅकसॉचं पातं हलकं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवत जायचं. सगळं ठीक असेल तर पातं गप्प. ज्या खाचेतल्या वायंडिंगमध्ये शॉर्ट आहे तिथे पातं आलं की ते ओढलं जाऊन थडथड वाजायला लागतं, कारण शॉर्ट झालेल्या वेढ्यांमध्ये स्वतःचाच करंट फिरायला लागतो, ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी शॉर्ट केल्यासारखं. चालू मशीनमध्येही तेच होतं, तेवढे वेढे स्वतःलाच भाजत राहतात. माझ्या आर्मेचरवर पातं दोन जागी वाजलं. मी काहीच बोललो नाही, तोच म्हणाला, "अरे वायंडिंगचं काही नाही, ते मी बसून बांधून देईन तुला. पण हे तांबं बघ की. लेथवर एक हात मारून गोल करायचं म्हटलं तर उरतंय काय?" त्यानं पट्टीची जाडी दाखवली. खरंच काही उरत नव्हतं. तो चर आणि ते खड्डे काढायचे तर पट्ट्या इतक्या पातळ होतील की त्या वेगात त्या जागेवर राहतील याची खात्री नाही. पट्टी उखडली तर आत सगळ्याचा चुरा. "दुसरं आर्मेचर बघ मिळतंय का," म्हणाला, "नाहीतर राहू दे आता."

दोन रात्री शोधलं. तेच मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झालीत. मिळतंजुळतं आर्मेचर घालावं म्हटलं तर ते नुसतं लांबी-रुंदीवर जमत नाही, पुढचा छोटा गिअर वेगळा नसतो, शाफ्टच्याच टोकावर दात कापलेले असतात, तिरके. दातांची संख्या, त्यांचा कोन, बेअरिंगांमधलं अंतर, पंख्याचा व्यास, एवढं सगळं जुळलं पाहिजे. एक आर्मेचर अगदी जवळ आलं होतं, दात एक कमी. एक दात. गिअर, चक, फिल्ड कॉइल, बॉडी, सगळं धडधाकट असताना एक दात कमी म्हणून थांबलो.

आता त्या रंगाबद्दल. शेवटचा घाव बेअरिंगनं घातला, पण वायंडिंग आधीपासून कमजोर मी केलं होतं, आणि हे लिहायचं कारण हे की खूप लोक हे करतात. या मोटरीला थंड करणारा पंखा आर्मेचरच्याच शाफ्टवर असतो. म्हणजे मोटर हळू फिरली की पंखाही हळू. आणि मोटर जेवढी अडते तेवढा ती करंट जास्त ओढते, कारण फिरताना तिच्यातच जे उलटं व्होल्टेज तयार होतं आणि करंटला आवर घालतं, ते वेग पडला की कमी होतं. म्हणजे हळू आणि जड काम हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट, उष्णता जास्त आणि वारा कमी. रंगाच्या डब्यात दांडा घालून अर्ध्या ट्रिगरवर दहा-दहा मिनिटं घोटत राहणं म्हणजे तेच. मोठा होल सॉ (मोठं गोल भोक कापणारं गोल करवतीचं पातं) लाकडात अडकवून अडकवून चालवणं म्हणजे तेच. आणि इन्सुलेशनचा एक जुना ठोकताळा आहे की तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मी किती निम्मं निम्मं करत आणलं कुणास ठाऊक. रंग घोटायला वेगळी मशीन असते, फेरे कमी, ताकद जास्त. ती नसेल तर काठीनं ढवळा. आणि जड काम झाल्यावर लगेच मशीन खाली ठेवू नका, अर्धा-एक मिनिट रिकामी फुल स्पीडला चालवा, आतली उष्णता पंख्याला बाहेर काढू द्या. हे मी करायचो, पण आठवलं तर.

तिचे भाग टेबलावर मांडलेले असताना हातात नुसती मूठ आणि ट्रिगरचा अर्धा भाग होता, आणि मला तो आकार किती जुना आहे ते आठवलं. मेलबर्नमध्ये १८८९ साली अर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं, स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ मध्ये ती हातात धरता येईल अशी केली, पण पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर हा आकार ब्लॅक आणि डेकर या दोघांचा, पेटंट मिळालं १९१७ मध्ये. ती मशीन अर्ध्या इंचाची होती. म्हणजे १२.७ एमएम, म्हणजे माझीच, १३ एमएमची. आणि चावीनं आवळायचा चक आर्थर जेकब्स यांचा, १९०२ चं पेटंट. शंभर वर्षं उलटून गेली तरी हाताला दुसरा आकार लागला नाही. माझ्या तळव्यानं जी जागा गुळगुळीत केली, बरोबर तीच जागा त्या लोकांनी हातासाठी ठरवली होती, हे मला फार जवळचं वाटलं.

नवीन मशीन आणली शेवटी. बॅटरीवाली घे असं दोघा-तिघांनी सांगितलं, आणि त्या चांगल्या आहेतच, ब्रशलेसमध्ये तर कार्बनची भानगडच नाही. पण माझं काम एका टेबलापाशी, प्लग हाताशी, आणि बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिला उघडून मी फार काही करू शकत नाही. वायरवालीच घेतली. निवडताना वॅट आणि फेरे दुसऱ्या नंबरला ठेवले, आधी बघितलं की कार्बनची टोपणं बाहेरून आहेत का. बॉडीच्या दोन्ही बाजूंना गोल काळं टोपण, स्क्रू ड्रायव्हरनं काढलं की कार्बन हातात. जुनीला कार्बन बघायचा म्हणजे पूर्ण उघडायला लागायची, म्हणून बंद पडल्याशिवाय मी कधी बघायचोच नाही.

जुन्या मशीनचा चक मात्र काढला. जबडा अजून १.५ एमएमचा बिट सरळ धरतो, तो टाकवेना. ज्यांना काढायचा असेल त्यांच्यासाठी: जबडा पूर्ण उघडा, आत तळाशी एक स्क्रू दिसेल, तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे काढायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. तो निघाला की मोठ्या अॅलन कीचं आखूड टोक चकमध्ये आवळायचं आणि लांब दांड्यावर हातोडीचा एकच झटका, घड्याळाच्या उलट दिशेनं. हळूहळू ठोकत बसायचं नाही, त्यानं गिअरला मार बसतो, एकच, नीट. माझा तिसऱ्या झटक्याला सुटला, २३ वर्षांची पकड होती ती. आटे अर्धा इंच, इंचाला २०, नव्या मशीनलाही तेच, म्हणून सरळ बसला. नव्यासोबत आलेला बिनचावीचा चक डब्यात ठेवून दिला. चावी तिच्या जुन्याच दोरीसकट नव्या वायरला बांधली.

नव्या मशीनचा आवाज वरचा आहे, पातळ. ट्रिगर कडक. पहिल्याच भोकाला पलीकडे निघताना सूर बदलला तो मला कळलाच नाही आणि बिटानं अँगल असा पकडला की मनगट अजून दुखतंय. तेच सहावं भोक, जे अर्ध्यात राहिलं होतं.

शेल्फ झाल्यावर दोन्ही टोपणं काढून नवे कार्बन व्हर्नियरनं मोजले. डावा १३.२, उजवा १३.१. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहिली, खाली हे दोन आकडे, आणि पुढच्या तारखांसाठी झाकणभर जागा मोकळी ठेवली. ड्रॉवरमधली दोन ६०८ पण त्याच डब्यात टाकली. नव्या मशीनला मागचं बेअरिंग कुठल्या मापाचं आहे ते अजून बघितलेलं नाही, गॅरंटी संपली की उघडून बघणार.